वाडीची पाणी योजना: मुंबई मंडळाने पैसे बोअरला द्यावेत की झऱ्याला?

सड्यावरचा | २१ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार. आमच्या मंडळाच्या कामात सल्ला हवा आहे, म्हणून हा धागा काढतोय. थोडं लांबण लागेल.

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पोटाशी. घरं ४८. त्यातली बारमाही उघडी ३१, उरलेल्या १७ घरांना कुलूप. माणसं मुंबईत, नाहीतर विरार-नालासोपाऱ्याला. मुंबई मंडळ आजोबांच्या वेळचं. तेव्हा गिरणीत लागलेली वाडीची पोरं परळच्या गावकीच्या खोलीत राहायची. अजूनही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमची सभा त्याच खोलीत भरते. देवळाचं छप्पर झालं, पाखाडी (दगडी पायवाट) झाली, स्मशानशेड झाली, सगळं वर्गणीतून. यंदा विषय पाण्याचा. साडेचार लाख जमलेत.

आमचं पाणी झऱ्याचं. झऱ्याला चिऱ्याचा चौकोन बांधलाय, तिथून पाइपाने उताराने खाली १०,००० लिटरच्या टाकीत येतं. मोटर नाही, विजेचं बिल नाही. गणपतीत पाणी नको नको होतं. शिमग्यापर्यंत बरं चालतं. मग धार बारीक होत जाते, आणि मे महिन्यात, म्हणजे आम्ही सगळे पोराबाळांना घेऊन पोहोचतो तेव्हा, दिवसाआड अर्धा तास नळ. गेल्या वर्षी मी पहाटे साडेचारला उठलो, तर माझी चुलत वहिनी टाकीखाली कळश्या लावून बसलेली. घरात आम्ही मुंबईहून गेलेली नऊ माणसं झोपलेली होतो. ती आमच्या आंघोळीचं पाणी भरत होती. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

सभेत बहुतेकांचं म्हणणं, बोअर मारा, मोटर बसवा, विषय संपवा. पण २०१६ला मंडळाने एक बोअर मारलीच होती. पाणाड्याने जागा दाखवली, २०० फूट गेलो, १ लाख ४० हजार घातले. पहिल्या उन्हाळ्यात पाणी आलं, दुसऱ्या एप्रिलला खडखडाट. हातपंपाचा खांब अजून उभा आहे, दांडा कुणीतरी काढून नेलाय. पुन्हा तेच करायला माझा जीव धजत नाही. ज्यांच्या गावाने स्वतःच्या हिमतीवर पाण्याचं काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

माहेरवाशीण_कांदिवली | २१ एप्रिल, रात्री ११:२५

दादा, एकच विचारते. परळच्या खोलीत बसून ठरवताय, त्या सभेला बायका किती असतात? आणि वाडीत रोज पाणी भरणाऱ्या बायकांना कुणी विचारलं का?

माझं माहेर खेडकडचं. आमच्याकडे पुरुषांनी टाकीची जागा देवळाशेजारी ठरवली, कारण ती सगळ्यांना दिसते. आई पहिल्या दिवसापासून सांगत होती, तिथून वरच्या आळीला पाणी चढणार नाही. नाहीच चढलं. वरच्या आळीतल्या बायका नळ येऊनही चार वर्षं हंडे घेऊन खाली उतरत होत्या. आईला इंजिनिअरिंग येत नव्हतं, पण कुठलं पाणी कुठवर जातं ते तिच्या पायांना ठाऊक होतं.

सड्यावरचा | २१ एप्रिल, रात्री ११:५०

ताई, खरं सांगतो, सभेला एकही बाई नसते. लागलं मनाला.

जुना_शाखा_अभियंता | २२ एप्रिल, सकाळी ७:१५

ग्रामीण पाणीपुरवठ्यात तीस वर्षं काढली, आता ठाण्यात असतो. सविस्तर लिहितो.

आधी बोअरचं. तुमच्या सड्यावरचा जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झरझर खाली उतरतं, खाली चिकणमातीचा थर लागला की पुढची वाट बंद होते, मग ते डोंगराच्या कडेने झरा होऊन बाहेर पडतं. त्याच्याही खाली काळा कातळ. कातळात पाणी राहतं ते भेगांत आणि सांध्यांत. बोअरला भेग सापडली तर पाणी, नाही सापडली तर नुसता भुगा. आणि सापडलेली भेग तुमच्याच झऱ्याशी जोडलेली असली तर बोअरने झऱ्याचं पाणी ओढून घ्याल. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात टँकर लागतात. जांभा पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडून देतो, हे त्याचं मुख्य कारण. म्हणून जागेचा निर्णय पाणाड्यावर सोडू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे भूवैज्ञानिक जिल्ह्याला असतात, ग्रामपंचायतीमार्फत त्यांना बोलवा.

आता महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंत, धार बारीक होते. किती बारीक? हा आकडा नसताना साडेचार लाख खर्चू नका. २० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. बादली किती सेकंदांत भरते ते झऱ्याच्या तोंडाशी मोजा आणि टाकीत पडणाऱ्या पाइपाखालीही मोजा. दोन्ही ठिकाणी, एकाच सकाळी, तीन-तीनदा. मे महिन्याच्या मध्यावर, पाणी सगळ्यात कमी असताना. मग माणसं मोजा. १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात, तोच हिशेब धरा.

आणि काम ग्रामपंचायतीला डावलून करू नका. मिशनमध्ये गावची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती १० ते १५ जणांची असते आणि तिच्यात निम्म्या महिला हव्यात. गावातल्या कामाच्या खर्चाला १० टक्के लोकवर्गणी, डोंगराळ किंवा जंगलाच्या भागात ५ टक्के, आणि ती श्रमदानानेही भरता येते. मिशनची मुदत २०२४पर्यंत होती, ती २०२८पर्यंत वाढवलीय. त्याआधी २००३पासून जलस्वराज्य प्रकल्प होता, त्यात महिलांची ग्रामसभा वेगळी घ्यावी लागे. मी स्वतः अशा सभांना बसलोय. पुरुषांच्या सभेत टाकी किती मोठी यावर तासभर वाद चालायचा. बायका विचारायच्या, पाणी किती वाजता सोडणार? भाताच्या लावणीच्या दिवसांत ती वेळ बदलणार का? माझ्या अनुभवात योजना बंद पडते ती याच प्रश्नांवर. वेळ गैरसोयीची असली की लोक पाणीपट्टी देईनासे होतात, मग पाणी सोडणाऱ्याचा पगार थकतो, तो काम सोडतो, आणि एका गळक्या व्हॉल्व्हपायी सगळी योजना पडून राहते.

आसनगाव_लोकल | २२ एप्रिल, दुपारी १:०५

थोडं वेगळं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझं सासर शहापूर तालुक्यात. मुंबईचे सात तलाव आपण शाळेत पाठ केले. विहार आणि तुळशी सोडले तर बाकीचे पाचही ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. तानसा १८९२चा. म्हणजे सव्वाशेच्या वर वर्षं त्या डोंगरांतलं पाणी उताराने मुंबईला येतंय. आणि त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळा लागला की पाड्यांना टँकर. माझ्या नणंदेच्या पाड्यावर टँकर आला की तो विहिरीत ओततात आणि बायका दोरीने ते शेंदतात. आसपासच्या डोंगरातून मुंबईची जाडजूड जलवाहिनी गेलेली. दादरला आपला नळ सुरू केला की मला ती विहीर दिसते.

मुंबईत राहून गावच्या पाण्यासाठी वर्गणी काढणं म्हणजे उपकार नव्हेत, मला ते देणं फेडणं वाटतं. तुमचं मंडळ हे करतंय, मनापासून नमस्कार.

पाणी_तपासणारी | २२ एप्रिल, रात्री ९:३०

मी आरोग्य सेविका. पाणी किती यावर सगळे बोलताहेत, पाणी कसं यावर कुणीच नाही. झऱ्याचं पाणी देवाचं, शुद्धच असतं, असं कोकणात सर्रास मानतात. झरा शुद्ध असेलही, पण तुमचा चौकोन वरून उघडा आहे का? पालापाचोळा पडतो का? वरच्या अंगाला गुरं बसतात का? पहिल्या पावसाचा लोंढा आत शिरतो का? आमच्या भागात एका वाडीत मृगाचा पहिला पाऊस झाला आणि आठवड्यात अकरा घरांत जुलाब सुरू झाले. दोन लहान मुलांना सलाइन लावावं लागलं. चौकोनाचं झाकण फुटलेलं होतं, टीसीएलची, म्हणजे पाण्यात घालायच्या ब्लिचिंग पावडरची, पिशवी पंचायतीत पडून होती, पण ती टाकीत घालायचं काम कुणाचं हे ठरलेलं नव्हतं.

टीसीएल ताजी असताना तिच्यात क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पिशवी उघडी किंवा दमट जागी राहिली की तो उडत जातो आणि शेवटी हातात नुसता चुना उरतो. टाकीत सरळ ओतू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढं टाकीत घाला आणि किमान अर्धा तास पाणी सोडू नका. मग शेवटच्या घराच्या नळावर ओटी टेस्ट (क्लोरीनची चाचणी) करा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोहोचला. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी उरला पाहिजे. रंग आलाच नाही तर त्या घराला तुम्ही पाणी दिलंत, पण भरवसा दिला नाहीत. मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना तपासणी संच वापरायला शिकवायचं आहे. तुमच्या वहिनींचं नाव आजच द्या.

हिशेबी_बोरिवली | २३ एप्रिल, सकाळी ११:००

सगळं पटलं, पण माझा रोखठोक प्रश्न. समिती, पाणीपट्टी वगैरे गावात राहणाऱ्यांनी बघावं. आमचंही घर गावाला बंद असतं. आम्ही वर्षातले वीस दिवस जातो. बंद घराने पाणीपट्टी का भरायची? मंडळाने एकदा बांधून द्यावं, पुढे ज्याचं त्याने.

जुना_शाखा_अभियंता | २३ एप्रिल, दुपारी ४:२०

बोरिवलीकर, प्रश्न रास्त आहे, उत्तर धागाकर्त्यांच्या मोजमापातून येईल असं वाटतं. तोवर एवढंच सांगतो की ‘बांधून द्यावं, पुढे ज्याचं त्याने’ या एका वाक्यावर बंद पडलेल्या योजना मी मोजायच्या सोडून दिल्या होत्या. बांधायला सरकार पैसे देतं, आमदार देतात, मंडळं देतात, कारण त्याची कोनशिला लागते. वायसर बदलल्याची कोनशिला कुणी लावत नाही.

सड्यावरचा | १४ मे, रात्री ९:१०

मोजलं. सगळ्यांना सांगायचं म्हणून गावाहूनच लिहितोय, रेंजसाठी पाखाडीवर येऊन बसलोय.

काल पहाटे साडेपाचला वहिनी, मी आणि माझी पुतणी वर गेलो. झऱ्याच्या तोंडाला बादली लावली. १०० सेकंद. दुसऱ्यांदा १०२, तिसऱ्यांदा ९९. पुतणी खडूने चिऱ्यावर लिहीत होती. मग खाली टाकीपाशी आलो. तीच बादली, तेच घड्याळ. १५० सेकंद. मला वाटलं माझंच चुकलं, पुन्हा मोजलं, पुन्हा १५०. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जांभळीखाली बारा महिने चिखल असतो, तिकडे चला." गेलो. झऱ्यापासून टाकीपर्यंत ७०० मीटर पाइप, त्यातला जांभळीच्या आसपासचा तुकडा जागोजागी फुटलेला. पाण्यावर आळू माजलाय. तो चिखल त्या कित्येक वर्षं बघताहेत. त्यांना कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितला नव्हता.

हिशेब असा. झरा मिनिटाला १२ लिटर देतो, दिवसाला १७,२८०. टाकीत पोहोचतं मिनिटाला ८ लिटर, दिवसाला ११,५२०. म्हणजे रोज ५,७६० लिटर वाटेत जातं. बारमाही वाडीत माणसं ११०. ५५ लिटरने त्यांना ६,०५० लागतात. फुटक्या पाइपानेसुद्धा, सगळ्यात वाईट महिन्यात, वाडीला पाणी पुरतं. तूट कधी? आज वाडीत ३८० माणसं आहेत. त्यांना २०,९०० लिटर लागतात. बोरिवलीकर दादा, हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर असावं. वाडीची पाणीटंचाई म्हणजे आम्ही आलेलो असणं. आणि आमच्या वीस दिवसांची झळ पहाटे साडेचारला उठून वहिनी सोसतात.

हिशेबी_बोरिवली | १५ मे, सकाळी ८:४०

वाचलं. रात्री बायकोलाही वाचून दाखवलं. मागचा प्रतिसाद मागे घेतो. आमच्या गावच्या घरावर २,००० लिटरची टाकी आहे, पोहोचल्या दिवशी आम्ही ती काठोकाठ भरतो. ती कुणाच्या वाट्यातून भरते याचा विचार केला नव्हता.

महाडकर | १५ मे, दुपारी २:३०

सगळी चर्चा वाचली, मोजमाप तर फारच मोलाचं. एक विचारतो, राग मानू नका. ४८ घरं म्हणालात. त्यात बौद्धवाडी धरली आहे का?

विचारायचं कारण, मी महाडचा. २० मार्च १९२७ला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं, ते सार्वजनिक पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क आहे हे सांगायला. आज विहिरीवर कुणी अडवत नसेल, पण पाइप कुठवर न्यायचा हे ठरवताना तीच रेघ पुन्हा ओढली जाते. आमच्या गावात योजना झाली, शेवटचा नळ आमच्या वाडीचा, आणि शेवटच्या नळाला पाणी नाही. कुणी भांडलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. फक्त पाणी येत नाही.

सड्यावरचा | १५ मे, रात्री ११:३०

नाही धरली. आमच्या खाली नऊ घरं आहेत, ३५ माणसं. त्यांची स्वतःची विहीर आहे म्हणून त्यांना योजनेत घेतलंच नव्हतं. ती विहीर मार्चमध्येच आटते हे मला आज, तुमचा प्रतिसाद वाचून खाली गेल्यावर कळलं. पन्नाशीला आलोय आणि माझ्या घरापासून ती विहीर दहा मिनिटांवर आहे. याबद्दल काही सबब सांगायची नाही. तुमचे आभार.

घाटावरचा | १६ मे, सकाळी १०:१०

नगर जिल्ह्यातला आहे, आमच्याकडे तुमच्या दहाव्या हिश्श्यानेसुद्धा पाऊस कधीकधी पडत नाही. तरी हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी गावाकडून पाण्याचा ताळेबंद मांडून घेतला. पाऊस किती, पाणी किती, मग पिकं कुठली, आणि शेतीला बोअर बंद. तुम्ही बादलीने केलंत तेही तेच. आता झराही वाढवा. सिक्कीमने २००८पासून धारा विकास नावाने झऱ्यांच्या वरच्या अंगाला चर खणून, चराई आवरून काम केलं. तुमच्या सड्यावर माती असेल तिथे समतल चर घ्या, वणवे थांबवा. मात्र नेमका कुठला भाग झऱ्याला पाणी पाजतो ते भूवैज्ञानिकांकडून समजून घ्या, नाहीतर चर एका डोंगरावर आणि झरा दुसऱ्या.

सड्यावरचा | ४ जून, रात्री १०:००

काय ठरलं ते लिहितो. सभा परळला घेतली नाही, वाडीत देवळापुढे घेतली. बायका पुढे बसल्या. बौद्धवाडीची माणसं आली.

बोअर रद्द. जांभळीकडचा २५० मीटर पाइप बदलून जमिनीत पुरला, चौकोनावर झाकण घातलं, टाकी आतून गिलावा करून घेतली. सगळं मिळून १ लाख ६० हजार. खणायला वाडीतली आणि मुंबईची पोरं एकत्र होती. बौद्धवाडीपर्यंत लाइन नेली, तिला ४० हजार. ती टाकीतून वेगळी काढली, म्हणजे आमच्या नळांनंतर उरलेलं पाणी त्यांच्याकडे जाणार असं होणार नाही. उरलेले अडीच लाख पंचायतीच्या समितीच्या नावे बँकेत ठेव म्हणून ठेवतोय. व्याजाचे महिन्याला चौदा-पंधराशे येतील, त्यात पाणीपट्टी मिळवून पाणी सोडणाऱ्या मुलाचा पगार आणि टीसीएल भागेल. पाणीपट्टी उघड्या घराला महिना ५० रुपये, बंद घराला वर्षाचे एकदम ६००. बंद घरांनीही भरायची, यावर दोघे नाराज होऊन उठले. एक परत आला.

प्रत्येक जोडणीला सारख्या मापाचं फेरूल (नळाला मोजकंच पाणी सोडणारी तोटी) बसवलंय, स्लॅबच्या घराला काय आणि कौलाच्या घराला काय, धार एकच.

सगळ्यात अवघड ठराव मे महिन्याचा होता, आणि तो बायकांनी मांडला. झरा १७,२८० लिटर देतो. दोन्ही वाड्यांतल्या १४५ माणसांना ५५ लिटर आधी, म्हणजे ७,९७५. उरतात ९,३०५. बाहेरून येणारी माणसं २९५. त्यांना माणशी ३० लिटर, दीड बादली. गाडी धुणं आणि कलमांना नळी लावणं बंद. धुणी नदीच्या कोंडीवर. मुंबईकरांकडून एकदोघांनी ‘पाहुण्यांना असं’ म्हणून तोंड उघडलं, तेव्हा माझी ऐंशीची काकी म्हणाली, "पाहुणे नाही बाबांनो, घरचे आहात, म्हणून सांगतो." ठराव मंजूर झाला.

पावसाचा पहिला लोंढा येण्याआधी टाकी धुऊन टीसीएल घातली. काल वहिनींनी आणि बौद्धवाडीतल्या एका ताईंनी सगळ्यात खालच्या घराच्या नळावर ओटी टेस्ट केली. फोटो आलाय, परीक्षानळीत फिकट पिवळा रंग आहे. सोबत यादीही आलीय. "भाऊजी, गणपतीला याल तेव्हा नागदेवीहून दीड इंची दोन व्हॉल्व्ह आणि वायसरचं एक पाकीट आणा. वायसर रबरी आणा, प्लास्टिकचे टिकत नाहीत."

नागदेवीचा बाजार मस्जिद बंदरला, शनिवारी तिकडे जातोय. कुणाच्या ओळखीचं दुकान असेल तर कळवा.